सादळलेली हवा

श्रावण उलटून भाद्रपद लागला की देवासात काहीही कुरकुरीत राहत नाही. सेव सादळते, पापड सादळतात, काडेपेटीतली काडी नुसती गुलाबी रेघ ओढते आणि मान टाकते. आज सकाळी पोह्यांवर मूठभर सेव घातली, तोंडात घास घेतला, आणि दातांखाली आवाजच नाही! माझं डोकं फिरलं. घरातले म्हणतात, एवढ्याशा सेवेवरून माणूस चिडतो का? अहो, मी सेवेवर चिडत नाही. मी ओलाव्यावर चिडतो. लोकांना पाऊस आला की भजी आठवतात, गाणी आठवतात. मला एक लोखंडी पाइप आठवतो, आणि त्याच्या तोंडाशी धरलेला माझा तळहात.

खिडकीतून टेकडी दिसत नाही आज. देवीचं देऊळ ढगात गेलंय. दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी गार लागतात, आणि त्यांना तो वास येतो, ओल्या गोणपाटाचा. बाहेर काळ्या मातीचा असा चिखल की चप्पल पुढे जायला तयार नाही. असाच एक पावसाळा होता, सत्तरीचं दशक संपत आलेलं, आणि मी कराडकडून आलेला, अंगावर मांस नसलेला आणि स्वतःला फार शहाणा समजणारा डिप्लोमावाला पोरगा होतो.

आम्ही जातीचे शिंपी. सात पिढ्यांनी सुई धरली, मी पाना धरला. घरात याचं कौतुक कमी आणि काळजी जास्त होती. देवासला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि आमच्याकडची पोरं ट्रंका घेऊन इकडे येत होती. मी ज्यात लागलो तो लोखंडी कपाटांचा कारखाना. कपाटं घडायची, घासायची आणि मग त्यांच्यावर हवेच्या दाबानं रंगाचा फवारा मारायचा. ती दाबाची हवा तयार करणं आणि पाइपातून पोचवणं, हे माझं खातं.

आता हवा दाबली की तिच्यातून पाणी सुटतं. ओला टॉवेल पिळल्यावर सुटतं तसंच. पावसाळ्यात तर मालव्याची हवा म्हणजे भिजवलेला टॉवेलच. हे पाणी रंगात गेलं की सत्यानाश! म्हणून मधे एक ड्रायर बसवलेला असतो. आत घरातल्या फ्रिजसारखी यंत्रणा. हवा गार करायची, गार झाली की पाणी खाली बसतं, खालच्या नळीतून ते बाहेर सोडायचं आणि कोरडी हवा पुढे पाठवायची. आत गारवा करायचा तर उष्णता कुठंतरी फेकायला हवी, ती हे यंत्र पाठीमागून फेकतं. आमचं यंत्र त्याच उन्हाळ्यात बसवलेलं, आणि त्याची पाठ भिंतीतल्या मोठ्या जाळीला लावलेली होती, म्हणजे गरम हवा थेट बाहेर जाईल आणि खोलीतला माणूस भाजणार नाही. खोलीतला माणूस म्हणजे बाबूलाल. खास मालव्याचा, डोक्याला कायम मफलर, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत.

त्या श्रावणात कपाटांना फोड यायला लागले. सकाळी रंग मारावा, दुपारी बघावं तर दारभर सांडगे उठलेले. पाइपाच्या तोंडाशी तळहात धरला तर तुषार! हवा नाही, गुलाबदाणी. आमचे वर्क्स मॅनेजर दामले साहेब पुण्याचे, मोजकं बोलणारे, पण त्या दिवशी भर खात्यात ओरडले, "खटावकर, मला हवा पाहिजे, सरबत नको!"

मी कामाला लागलो. खालची पाणी सोडायची नळी चोंदली असेल म्हणून ती खोलली. चोंदली नव्हती. गाळणी बदलली. पाइपाचे फाटे वरून काढलेत की खालून ते पाहिलं, कारण खालून काढले तर तळाशी साचलेलं पाणी सरळ पुढे जातं. सगळे वरून होते, आमच्याआधीच्या कुणीतरी डोकं वापरलेलं. थंड पाण्याचा हौद तपासला. इंदूरहून फ्रिजचा मिस्त्री बोलावला. तो दुपारच्या बसनं यायचा, आणि दुपारी यंत्र गुणी बाळासारखं वागायचं. मी हात धरावा तर हवा कोरडी ठणठणीत. मिस्त्री माझ्याकडे बघायचा, तापाचं सोंग केलेल्या मुलाकडे डॉक्टर बघतो तसा, आणि जाता जाता "गॅस थोडा कम है" म्हणून गॅस भरून जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गुलाबदाणी.

"भिया, अपने को तो नजर का मामला लग रिया है," बाबूलाल म्हणाला, आणि त्यानं ड्रायरला लिंबू-मिरची बांधली.

शनिवारी तर विचारू नका. इतर दिवशी तुषार, शनिवारी धार. बाबूलालनं ताबडतोब निदान केलं की यंत्राला शनीची साडेसाती आहे, आणि दर शनिवारी यंत्राच्या पायाशी तेल ओतायला लागला. मी त्यावर घसरून एकदा आपटलो. चिडून म्हटलं, बाबूलाल, यंत्राला साडेसाती नाही, मला आहे.

आणि खरंच होती. कारण मी अजून कायम नव्हतो, आणि धारला तात्या बसले होते.

तात्यांचं घराणंही आमच्यातलंच, पण त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर इकडे आले, अंगरखे शिवायला, आणि इथलेच झाले. धारच्या एका गल्लीत त्यांचं दुकान, मागे घर. बाहेर गिऱ्हाइकांशी मालवी, आत मराठी. पण मराठी अशी की ऐकताना मी सावरून बसायचो. आमच्याकडची मराठी सायकलवरून जाते, त्यांची पालखीतून. त्यांच्या शकूला मी सांगून गेलो होतो. तिनं पोह्यांची बशी ठेवली, माझ्या बुटांवरचा देवासचा चिखल पाहिला, ओठ दाबून हसली आणि आत गेली. मी त्या हसण्यावर खलास! बशीतले पोहे तिखट होते की गोड, मला आजही सांगता येणार नाही.

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण नोकरींत कायम आहांत काय?"

"होईन लवकरच."

"व्हावें. कायमाचा कागद आणावा, मग पुढील बोलणें. इंदुरास बँकेंतला एक मुलगा सांगून आला आहे. नवरात्र बसेतों थांबूं."

त्या बँकेतल्या मुलाचा मी इतका द्वेष केला की काय सांगू. त्याच्या कामात हवा नाही, पाणी नाही, फोड नाहीत. बसायला पंखा. पावसाळ्याचा त्याच्यावर काही परिणाम नाही! इकडे दामले साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "ही खेप नवरात्राआधी मुंबईला गेली पाहिजे. नाहीतर ह्या फोडांसकट तुम्हाला कायम कसं करू?" म्हणजे तिकडे नवरात्र, इकडे नवरात्र, आणि मधे मी, पाइपाच्या तोंडाशी तळहात धरून.

रविवारी कारखाना बंद. मी बसनं इंदूर, तिथून दुसऱ्या बसनं धार, असा जायचो. बोलणी थांबलेली, तेव्हा घरी जायचा अधिकार नाही. मग गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कचोरी खायची. कचोरीही सादळलेली. दुकानातून शिलाई मशीनचा आवाज यायचा, आणि तेवढ्यावर मी आठवडा काढायचो. प्रेमात माणूस काय काय खातो!

गणपती उठले आणि तसाच एक शनिवार उजाडला. मुंबईहून साहेबांना फोन आला असणार, कारण मला सकाळीच बंगल्यावर बोलावणं आलं. बंगला कारखान्याच्या आवारातच, आमच्या यंत्राच्या खोलीच्या मागच्या बाजूला. पण साहेबाच्या अंगणात आम्ही कशाला पाऊल टाकतोय? इतक्या महिन्यांत मी तिकडे गेलो नव्हतो. दार साहेबांच्या आईंनी उघडलं. सगळी कॉलनी त्यांना माई म्हणायची. बारीक चणीच्या, सुरकुतलेल्या आणि आवाजानं खणखणीत.

"बाळ्या दाढी करतोय," माई म्हणाल्या. "मागच्या पडवीत बस. आणि हे बघ, वलणीला शिवू नकोस. सोवळं वाळतंय."

मी पडवीत गेलो. समोर अंगण, पलीकडे एक भिंत, भिंतीत जाळी. जाळीच्या अगदी पुढ्यात, वीतभर अंतरावर, या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी, आणि दोरीवर नऊवारी लुगडं. दुहेरी. शेजारी दुसरं, तेही दुहेरी. दोन्ही ओलीचिंब आणि शिडासारखी फुगलेली. पत्र्याच्या पागोळ्या बाहेर गळतायत आणि आडोशाला ही दोन लुगडी ऐटीत डोलतायत. मी उठून जवळ गेलो. शिवलो नाही, शप्पथ. तोंडावर उबदार वारा आला आणि त्याला आमच्या यंत्राचा तेलकट वास होता.

मी पडवीच्या पायरीवर बसलो.

माई कौतुकानं सांगत होत्या. पावसाळ्यात सोवळं वाळत नाही, आणि सोवळं म्हणजे घरात कुणी शिवलेलं चालत नाही, इस्त्री नाही, शेगडीवर धरणं नाही. आपणच धुवायचं, काठीनं दोरीवर टाकायचं आणि दुसऱ्या सकाळी पूजेला नेसायचं. वाळलं नाही तर ओलंच. "पण यंदा देवानं सोय केली बघ! ह्या जाळीतून कसा छान वारा येतो. सकाळी टाकलं की दुपारी खडखडीत. फक्त रविवारी बाई येत नाही वारा, काय माहीत का. म्हणून मी शनिवारी दोन धुते."

शनिवारी दोन! बाबूलालचा शनी मला पडवीत भेटला. पाठ फिरवलेलं आमचं यंत्र जी उष्णता बाहेर फेकू पाहत होतं, तिच्या तोंडावर माईंनी ओलं लुगडं बांधलेलं. उष्णता बाहेर जात नव्हती, म्हणून आत गारवा होत नव्हता, म्हणून पाणी बसत नव्हतं, म्हणून कपाटांना सांडगे, म्हणून मी तात्पुरता, म्हणून शकू बँकेत. दुपारी लुगडं वाळलं की माई ते काढत आणि यंत्र शहाणं होई, नेमका तेव्हाच इंदूरचा मिस्त्री येई. मला मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं, आणि मी माईंनी दिलेला लाडू खाल्ला.

साहेब आले. अर्ध्या गालावर साबण तसाच. "बोला. आज मुंबईला काय सांगू?"

मी आवाज खाली आणला. "साहेब, कारण सापडलं."

"कुठे?"

"आपल्या अंगणात." आणि मी हळूच बोट केलं.

साहेब इंजिनिअर माणूस. त्यांनी जाळी पाहिली, लुगडं पाहिलं, शिड पाहिलं. मला वाटलं आता उखडणार. मनात म्हटलं, संपलं. साहेबाच्या आईचं लुगडं पकडणाऱ्या माणसाला कोण कायम करतं? पण ते माझ्या शेजारी पायरीवर बसले, आणि तो साबण गालावर वाळत गेला.

"मागच्या पावसाळ्यात ओल्या सोवळ्यानं पूजा केली रोज," ते म्हणाले. "माझं ऐकते कुठे? छातीत कफ भरला. इंदूरच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून होतो, खटावकर. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून मन घट्ट करायला सांगितलं होतं. यंदा ती एकदाही खोकलेली नाही. मी रोज देवाचे आभार मानत होतो."

आत माई स्तोत्र म्हणत होत्या. साहेबांनी तिकडे मान वळवली.

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका. आत्ताच्या आत्ता काढेल आणि उद्या ओलं नेसेल." मग ते उठले आणि पुन्हा वर्क्स मॅनेजर झाले. "तिचं लुगडं वाळलं पाहिजे आणि माझी कपाटंही. हे जमवा, मी तुम्हाला कायम करतो."

मी अंगणात उभा राहून त्या लुगड्याकडे बघत राहिलो. डिप्लोमाच्या पुस्तकात नऊवारीचा धडा नव्हता. पण माझे आजोबा कापड रंगवायचेही, आणि आमच्या बोळात ते ताणताना नेहमी ओरडायचे, "वाऱ्याला आडवं धरू नका रे, वाऱ्याबरोबर धरा!" आडवं धरलं की कापड वारा अडवतं आणि एकाच अंगानं वाळतं. वाऱ्याबरोबर धरलं की दोन्ही अंगांनी वारा वाहून जातो. किती सोपं! जाळीसमोरची दोरी काढायची आणि जाळीपासून सरळ पुढे, अंगणाच्या दिशेनं न्यायची. वर पत्रा थोडा वाढवायचा. वारा मोकळा, लुगडंही उबेत.

दुसऱ्या दिवशी रविवार, वारा सुट्टीवर. धारला गेलो नाही. एका हातात हातोडी, दुसऱ्यात खिळे, आणि समोर कमरेवर हात ठेवून माई.

"हे काय रे नवीन?"

"अशी बांधली की लवकर वाळेल, माई. दोन्ही बाजूंनी वारा लागेल."

माईंनी दोरीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी लुगडं टाकलं की आत ती घरघर वाढायची. मला वाटायचं, यंत्र असलं तरी त्याला सोवळं कळतं." थोडं थांबून, "माझ्यामुळे तुमचं काही अडत होतं का रे?"

"छे छे!"

"खोटं बोलतोस. कान लाल झाले तुझे." आणि त्या इतक्या हसल्या की काठीचा आधार घ्यावा लागला. मग हसू थांबलं. "बाळ्याला म्हणावं, म्हातारीला असं सांभाळून नको घ्यायला. पण सांभाळलंत ते बरं केलंत. ओलं नेसवत नाही रे आता. हाडं दुखतात." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी आणखी लाडू आणला.

सोमवारी सकाळी काठीनं लुगडं नव्या दोरीवर गेलं. मी पळत पाइपाशी आलो, तळहात धरला. कोरडा. रुमाल धरला. कोरडा. पुढच्या शनिवारी दोन लुगड्यांसकट कोरडा! कपाटांची दारं अशी तुकतुकीत की लोक त्यांत भांग पाडायला लागले. बाबूलालनं सगळं श्रेय लिंबाला आणि तेलाला दिलं आणि मी ते देऊन टाकलं. माईंचं नाव मी कारखान्यात घेतलं नाही.

साहेबांनी शब्द पाळला. टाइप केलेलं पत्र मुंबईहून यायला वेळ लागणार होता आणि नवरात्र तोंडावर, म्हणून त्यांनी कारखान्याच्या कागदावर स्वतःच्या हातानं, शाईच्या पेनानं, मराठीत लिहून दिलं. मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पुढच्या रविवारी धारची वाट धरली.

आणि पाऊस! जाता जाता सगळं देणं चुकवून जावं तसा. इंदूरपुढे बसच्या छपराला माझ्याच डोक्यावर भोक. जागा बदलली तर तिथे खिडकीला काच नाही. उतरलो तर गल्लीतून गुडघाभर पाणी वाहतंय. हवेतला थेंब न् थेंब काढणारा मी, तात्यांच्या दुकानात शिरलो तेव्हा माझ्या कोपरांतून धारा लागल्या होत्या.

"कागद आणला," मी म्हणालो आणि खिशात हात घातला. हाताला लगदा लागला. उलगडला. वर कारखान्याचं छापील नाव तेवढं शाबूत. खाली एक मोठा निळा डाग, आणि त्याच्या कडेला कुठे कुठे वेलांटी.

तात्यांनी तो बोटांच्या टोकांत धरून उजेडाकडे नेला. "हें काय? निळीचें पाणी?"

मशीन थांबलं. शकू आतून आली, वडिलांच्या हातातून तो कागद काढून घेतला, फडक्यात धरून त्याच्यावर कोळशाची इस्त्री हलकेच फिरवली. वाफ निघाली. कागद कडक झाला. तिनं तो डोळ्यांसमोर धरला, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"श्रीयुत खटावकर यांस नोकरीत कायम करण्यात येत आहे," तिनं न अडखळता वाचलं.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. तो कागद त्यांनीही आत्ताच पाहिला होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं. "पुन्हा वाच."

"श्रीयुत खटावकर यांस," शकूचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही, "त्यांची हुशारी, मेहनत आणि सालस स्वभाव पाहून नोकरीत कायम करण्यात येत आहे."

तात्यांनी गळ्यातली फीत काढली, माझ्यापुढे आले, आणि माझ्या भिजलेल्या खांद्यावर तिचं टोक ठेवलं.

"ताठ उभे राहावें. कोट लग्नाचा आहे, बँकेचा नव्हे." खांदे झाले, बाही झाली. मग फीत छातीभोवती आली आणि तात्या थांबले. "अहो जावईबापू, श्वास सोडा आतां. असा कोंडून माप कसें मिळेल?"